गॅस सरस नही, गयस: आमच्या कोल्ड रूमच्या दुरुस्तीबद्दल

अमळनेरला आमची दुधाची डेअरी आहे. दोन्ही वेळचं दूध, दही, ताक, चक्का, श्रीखंड आणि उन्हाळा लागला की आम्रखंड. मागच्या खोलीत आठ बाय आठ फुटांची कोल्ड रूम, पुढे दोन डीप फ्रीजर आणि काचेच्या दाराचा एक व्हिसी कूलर. यातलं एक यंत्र जरी गप्प झालं तरी माझ्या पोटात गोळा येतो. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी कोल्ड रूमनेच दगा दिला. बाहेर त्रेचाळीस, आत पंधरा. सव्वाशे किलो चक्का आत टांगलेला आणि आम्रखंडाच्या ऑर्डरी घेऊन झालेल्या.

ज्यांनी ती दुरुस्त केली ते धुळ्याचे मिस्तरी आणि त्यांचा पुतण्या यांच्याबद्दल मला लिहायचं आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच लिहिते. दोघांचंच काम, आधीच हाताबाहेर गेलेलं, म्हणून नाव-नंबर इथे टाकू नका असं त्यांनीच सांगितलं. कुणाला हवा असेल त्याने दुकानात येऊन विचारावं.

आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय या कामाची किंमत कळणार नाही. गेली चार वर्षं आमच्याकडे एकच प्रकार चालला होता. शिमगा झाला की कोल्ड रूम थंड करेनाशी व्हायची. मिस्तरी यायचा, दाब मोजायचं गेज लावायचा, "गॅस कमी झालाय" म्हणायचा, अर्ध्या तासात गॅस मारून साडेचार-पाच हजार घेऊन जायचा. दिवाळीपर्यंत बरं चालायचं, थंडीत कळायचं नाही आणि पुढच्या शिमग्याला पुन्हा तेच. मला वाटायचं, गाडीला पेट्रोल लागतं तसा याला गॅस लागत असेल. हिशेबाच्या वहीत मी त्याला "वार्षिक गॅस" असा रकानाच करून ठेवला होता.

अण्णांनी ती वही बघितली आणि अहिराणीत म्हणाले, "ताई, गॅस सरस नही, गयस."

संपत नाही, गळतो. यंत्रात तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो, आतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि वाफ होताना तो खोलीतली उष्णता ओढून घेतो. यात काही जळत नाही, काही झिजत नाही. घरातला फ्रिज वीस वर्षं गॅस न भरता चालतो तो म्हणूनच. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे, आणि भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. चार वर्षांत कुणी मला हे एक वाक्य सांगितलं नव्हतं.

अण्णा सकाळी सातला आले. आले की गेज लावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पहिला तास यंत्राला हातच लावला नाही. डेअरीभर फिरले. कोल्ड रूमचं दार आतून ओढून बघितलं. आतून उघडायची जी मूठ असते ती आमच्याकडे दोन वर्षांपासून तुटलेली, तिच्या जागी सुतळी बांधलेली. अण्णा म्हणाले, आधी ही मूठ बसेल, मग मी आत जाईन. पुतण्याला बाजारात पाठवून मूठ आणवली आणि बसवली. त्याचे साडेसहाशे रुपये लागले. आमच्याकडे सकाळी सहाला एकटा मुलगा दुधाचे कॅन ठेवायला आत जातो. दार मागून बसलं असतं तर जाड पॅनेलच्या आतून त्याची हाक कुणाला ऐकू आली असती? हा विचार दोन वर्षांत माझ्या डोक्यात एकदाही आला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग ते मागच्या भट्टीपाशी आले. तिथे आमची खव्याची कढई सकाळपासून चालू असते. म्हणाले, भट्टी बंद करा. मी म्हटलं, अण्णा, दूध अर्धं आटलंय. म्हणाले, मग आटू द्या, मी थांबतो, पण आच पेटलेली असताना नळी उघडणार नाही.

कारण त्यांनी सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्या कोल्ड रूममध्ये आर-२२ नावाचा गॅस आहे. त्याला वास जवळपास नसतो, तो पेटत नाही, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. पण तो उघड्या ज्वाळेवर गेला की फुटतो आणि त्यातून आम्लाच्या वाफा आणि फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो. आणि हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो, नेमका भट्टीच्या तोंडाशी.

दोन वर्षांपूर्वीची दुपार मला आठवली. तेव्हाच्या मिस्तरीने जुना गॅस खोलीतच फस्सकन सोडून दिला होता. भट्टी चालू होती. मिनिटभरात आम्हा सगळ्यांना मिरचीच्या फोडणीसारखा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, घशात आग. सासूबाई शेजारणीला ओरडल्या की तुझी मिरची जळाली. शेजारीण म्हणाली, मी आज फोडणीच घातली नाही. आम्ही दारं उघडली आणि विसरून गेलो. तो ठसका कशाचा होता ते मला यंदा कळलं. असा वास कधी आला तर आधी माणसं बाहेर काढा, यंत्राचं नंतर बघा, एवढं अण्णांनी सासूबाईंनाही नीट समजावून सांगितलं.

भट्टी विझवली, दोन्ही दारं उघडली, टेबलफॅन जमिनीवर ठेवून बाहेरच्या दिशेने लावला. त्यानंतर वीज. पॅनेलचा मेन स्विच पाडून त्यांनी त्याला छोटं कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. वर पाटी अडकवली: काम चालू आहे. मला ते जरा जास्तच वाटलं होतं. दहा मिनिटांनी आमचा कामावरचा मुलगा दूध पोचवून आला, कोल्ड रूमचा दिवा बंद बघून सवयीने थेट पॅनेलकडे गेला आणि त्याने स्विचला हात घातला. कुलूप नसतं तर स्विच वर गेला असता, आणि तेव्हा अण्णांची बोटं कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे यंत्राला वीज जोडणाऱ्या स्विचच्या, तारांत होती. मी मधल्या दारात उभी होते, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. अण्णा मुलाला रागावले नाहीत. फक्त त्याला कुलूप दाखवलं.

वीज बंद केली तरी ते लगेच तारांना हात लावत नाहीत. आधी मीटरने तपासतात, टेस्टरच्या दिव्यावर भरवसा ठेवत नाहीत. कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असते, ती रेझिस्टर लावून उतरवतात, स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढत नाहीत. कॉम्प्रेसरच्या टर्मिनलचं झाकण उघडताना पुतण्याला समोरून बाजूला केलं. आतल्या दाबाने खराब झालेलं टर्मिनल गोळीसारखं उडू शकतं आणि मागून गॅस आणि तेल बाहेर येतं, म्हणून झाकण नसताना वीज चालू करायची नाही हा त्यांचा नियम.

पॅनेलमध्ये त्यांना जे सापडलं ते त्यांनी मला बोलावून दाखवलं. हाय प्रेशर कटआऊट म्हणून एक छोटी डबी असते. दाब धोक्याच्या वर गेला की ती यंत्र बंद करते. आमच्या डबीच्या दोन्ही टोकांना एक लाल वायरचा तुकडा जोडून ती निकामी केलेली होती. कुणी केलं ते मला माहीत आहे, कधी केलं तेही. मागच्या मे महिन्यात यंत्र दर अर्ध्या तासाला बंद पडत होतं. त्या मिस्तरीने पाच मिनिटांत "ठीक करून दिलं" आणि मी त्याला चहा पाजून वर दोनशे रुपये दिले होते.

यंत्र बंद का पडत होतं? बाहेरची कॉइल चोंदली होती. आमच्या मागच्या रस्त्याने जिनिंगला कापसाच्या गाड्या जातात. सगळा हंगाम तो कापूस उडून कॉइलच्या पात्यांवर बसतो, त्यावर धूळ बसते आणि अक्षरशः गोधडी तयार होते. उष्णता बाहेर टाकायला जागा राहत नाही, म्हणून दाब चढतो, म्हणून डबी यंत्र बंद करते. डबी तिचं काम चोख करत होती आणि आम्ही तिचंच तोंड बांधलं. त्यानंतर पूर्ण एक वर्ष ते यंत्र संरक्षणाशिवाय चाललं, पत्र्याखाली, अमळनेरच्या मे महिन्यात. अण्णांनी मऊ ब्रशने आणि ब्लोअरने आतून बाहेर हवा मारत कॉइल साफ केली. पाटीभर कापूस निघाला. तो लाल वायरचा तुकडा मी अजून गल्ल्यात ठेवला आहे.

आता गॅसकडे येते. यंत्र रात्रभर बंद होतं, सकाळी यंत्रापाशी तीस डिग्री होते. अण्णांनी पुतण्याकडून तक्ता काढवला आणि मला गेजची सुई दाखवली. शुद्ध आर-२२ असेल तर तीस डिग्रीला थांबलेल्या यंत्रात चौरस इंचाला १५८ पौंडांच्या आसपास दाब दिसायला हवा. सुई १८५ वर होती. म्हणजे गॅस गळून कमी झालेला असूनही दाब जास्त. याचे अर्थ दोनच, एकतर नळीत हवा शिरलेली, नाहीतर कुणीतरी दुसराच गॅस वरून मारलेला. पाटीवर आर-२२ लिहिलेलं असताना बिनालेबलच्या सिलिंडरमधून काहीतरी स्वस्तातलं भरलं गेलं असणार. अशा खिचडीवर कुठलाच तक्ता लागू पडत नाही, मग मिस्तरी नुसत्या हाताने नळी चाचपून "थंड लागतेय" म्हणत गॅस मारत राहतो.

हा गॅस त्यांनी हवेत सोडला नाही. रिकव्हरी मशीन लावून वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवलेला, कारण तो ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही. आपल्या उन्हात आतला द्रव फुगतो, त्याला जागा लागते. काठोकाठ भरलेला सिलिंडर टेम्पोत उन्हात ठेवला तर फुटू शकतो. मी विचारलं, हवेत सोडला असता तर कुणाला कळलं असतं? म्हणाले, दोन माणसांच्या बंद खोलीत सोडला तर श्वासाची हवा ढकलून देतो, आणि मोकळ्यावर सोडला तर वर ओझोनचा थर खातो. आर-२२ टप्प्याटप्प्याने बंद करायचं जगाने ठरवलं ते याचसाठी, १९८७ च्या माँट्रियल कराराखाली. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून नवीन यंत्रं आर-२२ वर बनवत नाहीत, २०३० पर्यंत त्याचा वापर जवळपास संपवायचा आहे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीला तो अजून मिळतो. पण कुणी स्वस्तात जुनी आर-२२ ची कोल्ड रूम विकत देत असेल तर घेऊ नका, हा सल्ला त्यांनी न विचारता दिला.

गॅस निघाल्यावर भोक शोधायचं. पुतण्याने टेम्पोतून सिलिंडर उतरवला, राखाडी अंगाचा, काळ्या मानेचा. मी सहज म्हटलं, आधीच्याचा सिलिंडर वेगळा होता, काळा आणि मान पांढरी. अण्णांच्या हातातला पाना थांबला.

"ताई, त्याने तो यंत्राला लावला होता? खरंच?"

लावला होता. मी स्वतः बघितलं होतं. नळी जोडून दाब दिला आणि साबणाचं पाणी लावलं. काळं अंग आणि पांढरी मान म्हणजे ऑक्सिजन. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही, स्फोट होऊ शकतो. या धंद्यात माणसं अशी गेली आहेत, असं अण्णा म्हणाले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग पुतण्याला जवळ बोलावून दोन्ही रंग परत म्हणून घेतले. गळती तपासायला फक्त कोरडा नायट्रोजन. तोही रेग्युलेटर लावून, कारण भरलेल्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो, तो थेट नळीत गेला तर नळी फाटेल. आधी थोडा दाब, मग थांबायचं, मग वाढवायचं, आणि यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याच्या वर कधीच नाही.

मला वाचणाऱ्या दुकानदारांना हात जोडून सांगायचं आहे, इतर सगळं विसरलात तरी चालेल, पण मिस्तरी सिलिंडर उतरवतो तेव्हा त्याच्या अंगाचा रंग बघा. अंग काळं दिसलं तर काम थांबवा.

पहिलं भोक तासाभरात सापडलं. नळी भिंतीतून जिथे बाहेर पडते तिथे पत्र्याची कड तिला घासत होती. वरचं काळं फोम काढल्यावर तेलाचा डाग दिसला. गॅसबरोबर तेलही झिरपतं, म्हणून डाग तिथे गळती. साबणाचं पाणी लावलं तर खसखशीएवढ्या जागेतून बुडबुडे यायला लागले. मी म्हटलं, सापडलं एकदाचं. अण्णा म्हणाले, "आखो एक डाव दखस." आणखी एकदा बघतो. दुसरं सापडायला संध्याकाळ झाली. आतल्या कॉइलच्या वळणावर, अगदी बारीक. तिथे तांबं काळपट पडलं होतं. आमच्या कोल्ड रूममध्ये दही आणि चक्का उघडा टांगलेला असतो, त्याच्या आंबट वाफा तांब्याला खातात. पहिल्या भोकावर थांबले असते तर पुढच्या शिमग्याला मी पुन्हा पाच हजार मोजले असते. दही झाकून ठेवा, हे आता आमच्याकडे भिंतीवर लिहिलेलं आहे.

रात्रभर नायट्रोजन आत ठेवून दाब आणि तापमान दोन्ही लिहून गेले. चक्का आणि दूध आम्ही बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून टिकवलं. त्या रात्री मी तीनदा उठले. हा खर्च आणि हा त्रास खरा आहे, तो लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई होती तिथेच, पहाटेच्या गारव्याने जेवढी उतरायला हवी तेवढीच उतरलेली. मग ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवणं. तांबं तापवताना नळीतून नायट्रोजनची मंद धार चालू ठेवली, नाहीतर आतून काळी खपली धरते आणि ती पुढे जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकते. कोल्ड रूमच्या भिंतींत फोम असतो, तो पेटला तर धूर फार वाईट, म्हणून ज्वाळेच्या मागे ओली पोती आणि पायाशी अग्निशामक नळकांडं. दोघांच्या डोळ्यांवर चष्मे, हातांत मोजे. पुतण्याने घाम आला म्हणून एकदा चष्मा कपाळावर सरकवला आणि तसाच नळी सोडायला वाकला. अण्णांनी काम थांबवलं. द्रव गॅस डोळ्यात उडाला तर डोळा गोठतो, तिथे पाणी मारूनही उपयोग होईलच असं नाही. हे मला बरं वाटलं आणि खटकलंही. मुलगा तीन वर्षं हाताखाली आहे, त्याला अजून आठवण करून द्यावी लागते.

ड्रायर, म्हणजे नळीतली ओल शोषणारी डबी, नवा बसवला. नळी उघडली की ड्रायर बदलायचाच, त्यात सूट नाही. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं. आधीचे मिस्तरी व्हॅक्यूम मारत नव्हते, थोडा गॅस सोडून "हवा काढली" म्हणायचे. अण्णांनी पंप अडीच तास चालवला. आतलं पाणी अशा पोकळीत नेहमीच्या तापमानालाही उकळून वाफ होऊन निघून जातं. ते राहिलं तर तेल आणि गॅसशी मिळून आम्ल होतं आणि कॉम्प्रेसरच्या मोटरची वाइंडिंग खातं. आत किती हवा उरली ते मायक्रॉनमध्ये मोजणारा वेगळा मीटर त्यांच्याकडे आहे. ५०० च्या खाली आकडा गेल्यावर पंप बंद करून वीस मिनिटं आम्ही तिघं तो आकडा बघत बसलो. ४६० वरून ५९० वर गेला आणि थांबला. चढतच गेला असता तर पाणी नाहीतर भोक शिल्लक आहे असं समजायचं. त्या वीस मिनिटांत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

गॅस वजन करून भरला, तीन किलो दोनशे ग्रॅम. आकडा, तारीख, गॅसचं नाव, दोन्ही बाजूंचे दाब, सगळं एका चिठ्ठीवर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलं. लाल वायर काढून डबी पुन्हा कामाला लावली आणि कॉइलपुढे पुठ्ठा धरून ती खरंच यंत्र बंद करते का हे तपासलं. केलं बंद. दुपारी चारला यंत्र चालू झालं, रात्री नऊला आत साडेतीन डिग्री. तापमान त्यांनी हवेचं घेतलं नाही. पाण्याची बाटली आदल्या रात्री बर्फात आणि नंतर आत ठेवलेली, तिच्यात थर्मामीटरची काडी बुडवून बघितलं. दार उघडलं की हवेचा आकडा उड्या मारतो, दुधाला काय वाटतंय ते बाटली सांगते. दूध चार डिग्रीच्या आत हवं, आइस्क्रीम उणे अठरा. आता मी रोज दोनदा लिहिते.

डीप फ्रीजरला हात लावला की झिणझिण्या यायच्या हे मी जाता जाता सांगितलं. त्यांनी मीटर लावला, बोर्डात अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. ओली फरशी, अनवाणी बाया कामाला. हे काम त्यांनी स्वतः केलं नाही, परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या म्हणाले. तोपर्यंत फ्रीजरची पिन काढून ठेवली. वायरमन दुसऱ्या दिवशी आला.

व्हिसी कूलर मात्र अजून अर्धवट आहे. त्यात आर-२९० आहे, म्हणजे प्रोपेन, पेटणारा. मागच्या पाटीवर त्रिकोणात ज्योत काढलेली असते, ती मी पहिल्यांदाच बघितली. गॅस थोडाच असतो, ग्रॅममध्ये मोजण्याएवढा, पण बंद दुकानात भट्टीजवळ तो गळला तर तेवढा पुरे. अण्णांनी तो दुकानात उघडायला साफ नकार दिला. टेम्पोत घालून धुळ्याला नेला, त्याची ने-आण माझ्या माथी. पंख्याची मोटर त्याच जातीची, ठिणगी न पडणारी लागते म्हणून मागवली आहे, आज अकरा दिवस झाले. फोन केला तर संध्याकाळी सातच्या आधी उचलत नाहीत. उन्हाळ्यात गार ताक आणि लस्सीचं गिऱ्हाईक माझ्या हातून जातंय, ही माझी तक्रार आहे आणि ती त्यांना तोंडावर सांगितली आहे.

कोल्ड रूमचं बिल सोळा हजार आठशे झालं, मूठ आणि ड्रायर धरून. पुण्याहून मुलगा म्हणाला, आई, महाग पडलं. मी त्याला वहीतला "वार्षिक गॅस" हा रकाना वाचून दाखवला. चार वर्षांचे अठरा हजार पाचशे, आणि त्यात ऑक्सिजनचा तो दिवस धरलेला नाही. आखाजीचं सगळं आम्रखंड वेळेवर गेलं. माहेरवाशिणी झोक्यावरून उतरून थेट दुकानात येतात, तेव्हा डबा गारच लागतो. त्यानंतर आठ दिवसांनी बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची गर्दी झाली, त्या पूर्ण आठवड्यात बाटलीचा आकडा चारच्या वर गेला नाही.

ज्यांना बोलवायचं असेल त्यांनी तीन गोष्टी तयार ठेवाव्यात. यंत्राच्या पाटीचा फोटो, आधी कधी आणि कुठला गॅस भरला त्याची नोंद, आणि माल दोन दिवस दुसरीकडे ठेवायची सोय. एका दिवसात करून द्या असा हट्ट धरला तर ते येत नाहीत. आणि फोनवर बिघाड काय हे विचारण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दुकानमा भट्टी शे का?"